मुलगी इंग्रजी शाळेत, मुलगा मराठी शाळेत : रोजच्या गोष्टींमागची न दिसणारी कारणं

नदीकाठ (धागा)

नमस्कार मंडळी,

दादरच्या शाळांपासून सुरुवात करतो. नव्वदच्या दशकात इंग्रजी माध्यमाचं पारडं जड होऊ लागलं. इंग्रजी येणाऱ्याला ऑफिसात चांगल्या पगाराची नोकरी मिळते हे चाळीतल्या घरांनाही कळत होतं. हात आखडता घ्यायची वेळ आली की आपल्याकडे आधी मुलीच्या शिक्षणावर घेतला जातो, हेही आपण जाणतो. तरी त्या काळात दादरमधल्या कष्टकरी जातींच्या घरांत मुली भराभर इंग्रजी शाळांकडे वळल्या, इंग्रजी शिक्षणात वरच्या जातींच्या मुलींच्या बरोबरीला येऊ लागल्या, आणि त्यांचे सख्खे भाऊ मात्र मराठी शाळेतच राहिले. असं का व्हावं?

कैवन मुन्शी आणि मार्क रोझेनझ्वाइग या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये यावर निबंध लिहिला. दादरमधल्या सुमारे ४,९०० मराठी कुटुंबांची माहिती आणि वीस वर्षांत पहिलीत गेलेल्या मुलांचे शाळाप्रवेश त्यांनी तपासले. त्यांना सापडलेलं कारण वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो. गिरणीत, गोदीत, रेल्वेच्या कारखान्यात पिढ्यान्‌पिढ्या नोकरी लागायची ती ओळखीने. जातभाई, गाववाले, जॉबर (गिरणीत कामगार भरणारा मुकादम), मेहुणा, कोणीतरी शब्द टाकायचं. ही ओळख मुलग्यांच्या कामाची होती, म्हणून मुलगे तिच्या वाटेवर राहिले, आणि ती वाट मराठी शाळेतून जात होती. मुलींना त्या ओळखीचा कधी उपयोगच नव्हता, कारण ती कामं बायकांना मिळतच नव्हती. त्यामुळे त्यांना धरून ठेवणारंही काही नव्हतं. जग बदललं तेव्हा त्या मोकळ्या होत्या.

ज्या दाराने आजोबांना आणि वडिलांना जेवू घातलं त्याच दाराने नातवाला अडवलं. माझ्या मते आपल्या समाजाबद्दल गेल्या पंचवीस वर्षांत लिहिल्या गेलेल्या सगळ्यांत महत्त्वाच्या निबंधांपैकी हा एक आहे. मराठीत मात्र त्याची चर्चा माझ्या वाचनात कुठेच आली नाही.

या वाटेला मला लावलं ते 'फ्रीकॉनॉमिक्स'ने. स्टीव्हन लेव्हिट आणि स्टीफन डबनर यांचं हे पुस्तक २००५ चं. मी ते कॉलेजात असताना एका रात्रीत संपवलं होतं. घरांचा दलाल स्वतःचं घर विकताना गिऱ्हाइकाच्या घरापेक्षा सरासरी दहा दिवस जास्त थांबतो आणि सुमारे ३ टक्के जास्त भाव मिळवतो, हे शिकागोच्या आकड्यांवरून दाखवलेलं वाचलं आणि वाटलं, अरे, अर्थशास्त्र म्हणजे हे होय! आम्हाला बारावीत मागणीचा वक्र काढायला लावला होता. तो कशासाठी काढायचा ते कोणी सांगितलं नव्हतं.

त्यातलं हैफाच्या पाळणाघरांचं उदाहरण बहुतेकांना माहीत असेल. युरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी इस्रायलमधल्या दहा पाळणाघरांत पाहणी केली. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना सहा ठिकाणी दंड लावला, उरलेल्या चार ठिकाणी काहीच बदललं नाही. दंड लावला तिथे उशीर कमी व्हायच्या ऐवजी हळूहळू दुपटीच्या आसपास गेला. नंतर दंड काढून टाकला तरी उशीर खाली आला नाही. आधी उशीर झाला की जिवाला लागायचं. आता त्याला भाव ठरला होता, आणि भाव दिला की लागायचं कारण उरत नाही.

यंदा पुन्हा वाचताना एक प्रश्न मनात घर करून राहिला, त्यासाठीच हा धागा. अशा पुस्तकांत आपल्याला आवडतो तो धक्का, 'अरेच्चा, हे कारण होतं तर!' हा क्षण. पण कारण अनपेक्षित आहे म्हणून ते खरं ठरत नाही. यातली कोणती उत्तरं टिकली, कोणती नाही, आणि आपल्या भोवतालच्या कोणत्या गोष्टींना असं कोणी भिडलं आहे, यावर तुमचं वाचन आणि अनुभव दोन्ही लिहा.

---

सांजवात

मी ठाण्यात गेली अठरा वर्षं घरी पाळणाघर चालवते. पुस्तक वाचलेलं नाही, पण हैफाची गोष्ट माझ्या घरात घडली आहे.

सातला मुलं न्यायची असं ठरलेलं. दोघं-तिघं रोज साडेसात करायचे, धापा टाकत यायचे, 'काकू, सॉरी, लोकल लेट होती' म्हणायचे. शेवटी मी पाटीच लावली, अर्ध्या तासाला पन्नास रुपये जास्त. महिनाभरात आठ वाजू लागले. धापाही थांबल्या. एक बाई फोनवर म्हणाल्या, 'काकू, मी जरा भाजी घेऊन येते, तुम्ही लावा ना पैसे.' चुकीचं काहीच बोलल्या नव्हत्या. मीच भाव सांगितला होता.

पाटी काढली, तरी दोन वर्षं तीच तऱ्हा. ती तुकडी मोठी होऊन गेली, नवे पालक आले, तेव्हा कुठे सुटलं. आता पैसे लावत नाही. पहिल्याच दिवशी आईवडिलांना सहा वाजता दारात थांबायला सांगते. एकेकाचे आईबाबा येत जातात तशी उरलेली मुलं दाराकडे कशी बघत राहतात, ते त्यांना डोळ्यांनी बघू देते.

---

आकडेमोड

धागा आवडला. 'कोणती उत्तरं टिकली' या प्रश्नावर जरा सविस्तर लिहितो, कारण संख्याशास्त्र शिकवणं हेच माझं काम आहे.

'फ्रीकॉनॉमिक्स'मधला सर्वांत गाजलेला दावा गर्भपात आणि गुन्हेगारीचा. अमेरिकेत सर्वोच्च न्यायालयाच्या १९७३ च्या निकालाने गर्भपाताला मुभा मिळाली, नको असताना जन्मणारी मुलं कमी झाली, म्हणून नव्वदच्या दशकात गुन्हे घटले, असं लेव्हिट आणि जॉन डोनह्यू यांनी २००१ मध्ये मांडलं. पुस्तक आलं त्याच वर्षी बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या क्रिस्तोफर फूट आणि क्रिस्तोफर गोएट्झ यांनी दाखवून दिलं की एका तक्त्याच्या संगणकीय आज्ञावलीत चूक आहे. लेव्हिटनी चूक मान्य केली, गणित सुधारलं, आणि मूळ निष्कर्ष मात्र सोडला नाही. २०१९ मध्ये दोघांनी नवी आकडेवारी घेऊन पुन्हा तेच मांडलं. दुसरीकडे पेट्रोलमधलं शिसं कमी झाल्यामुळे गुन्हे घटले असं मांडणारेही आहेत. वाद मिटलेला नाही. पुस्तक वाचणाऱ्याला मात्र तो मिटल्यासारखा वाटतो, आणि माझी तक्रार तिथे आहे.

दुसरं उदाहरण आपल्या जिवाभावाचं आहे. अमर्त्य सेन यांनी १९९० मध्ये लिहिलं की जगात दहा कोटींहून जास्त बायका 'बेपत्ता' आहेत, म्हणजे जन्माला यायला आणि जगायला हव्या होत्या त्या नाहीत. २००५ मध्ये एमिली ऑस्टर या तरुण अभ्यासकाने मांडलं की यातला जवळपास निम्मा फरक हेपटायटिस-बी या आजाराने पडतो, कारण या विषाणूची लागण झालेल्या आईबापांना मुलगे जास्त होतात. उत्तर चकित करणारं होतं, लेव्हिट-डबनर यांनी त्यावर कौतुकाने लिहिलंही. पुढे तैवानमधली मोठी आकडेवारी आली, चीनमध्ये पाहणी झाली, आणि तो परिणाम दिसेना. २००८ मध्ये ऑस्टरने स्वतःच नवा निबंध लिहून आपला आधीचा निष्कर्ष चीनला लागू होत नाही असं जाहीर केलं.

मला या घटनेबद्दल मनापासून आदर आहे. ज्या निबंधाने नाव झालं तोच खोडणं सोपं नसतं. पण महाराष्ट्रात राहणाऱ्याने २००५ मध्ये ते उत्तर वाचलं असतं तर काय म्हटलं असतं? आपल्याकडे गर्भलिंगनिदानाविरुद्ध राज्याचा कायदा १९८८ मध्येच झाला होता, देशात पहिला. सोनोग्राफीचं यंत्र गाडीत घालून गावोगाव फिरवल्याच्या गोष्टी आपण ऐकत होतो. २०११ च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात हजार मुलग्यांमागे राज्यात ८९४ मुली होत्या, बीड जिल्ह्यात ८०७. तिथे चकित करणाऱ्या कारणाची गरजच नव्हती. कारण सगळ्यांना दिसत होतं, ते नको होतं इतकंच.

---

रानवाट

@आकडेमोड, शेवटचा परिच्छेद दोनदा वाचला. मी आरोग्य खात्यात होते, त्या काळात बीडलाही काम केलं आहे. यंत्रं सील करायला गेलो की दवाखान्याबाहेर गर्दी जमायची, आणि गर्दीतल्या बायकाच आमच्याशी भांडायच्या. त्यावर कधीतरी स्वतंत्र लिहीन.

धाग्यावर सांगायचं ते बॅनर्जी आणि डुफ्लो या अर्थशास्त्रज्ञांच्या 'पुअर इकॉनॉमिक्स'बद्दल (२०११). अभिजित बॅनर्जी यांच्या आई निर्मला बॅनर्जी, त्याही अर्थशास्त्रज्ञ, मूळच्या मराठी. पुस्तकात उदयपूर जिल्ह्यातल्या लसीकरणाचा प्रयोग आहे. 'सेवा मंदिर' या संस्थेबरोबर केलेला. काही गावांत काहीच केलं नाही, तिथे सगळ्या लसी पूर्ण झालेली मुलं ६ टक्के निघाली. काही गावांत ठरलेल्या तारखेला न चुकता शिबिर भरवलं, तिथे १८ टक्के. आणि काही गावांत शिबिराबरोबर प्रत्येक लसीला किलोभर डाळ आणि शेवटच्या लसीला ताटं दिली, तिथे ३९ टक्के.

आमच्या बैठकीत कोणी डाळ द्यायचं सुचवलं असतं तर आम्ही 'लोकांना लाच द्यायची का' म्हणून उडवून लावलं असतं. आम्हाला वाटायचं, लोकांची अंधश्रद्धा आहे, प्रबोधन करा. पण लशीला ठाम विरोध असता तर किलोभर डाळीने तो मोडला नसता. आईला लस हवीच असते. फक्त आज मजुरी बुडवून ताप येणारी सुई टोचायची, आणि फायदा कधी तर पुढे कधीतरी, तोही न दिसणारा. म्हणून ते उद्यावर जातं. डाळीने 'आज'ला वजन येतं. शिवाय डाळीचा खर्च धरूनही एका मुलामागचा खर्च निम्म्यावर आला, कारण नर्स दिवसभर बसणारच होती, मुलं जास्त आली.

भिंतींवर घोषणा रंगवण्यात आम्ही किती वर्षं घालवली, हे ते प्रकरण वाचताना सारखं डोळ्यांपुढे येत होतं.

---

फुजीसान

'फ्रीकॉनॉमिक्स'मधल्या सुमोबद्दल, म्हणजे जपानी कुस्तीबद्दल, कोणी लिहिलं नाही म्हणून थोडंसं. एका स्पर्धेत पंधरा लढती, आठ जिंकल्या की क्रमवारी टिकते. लेव्हिट आणि मार्क दुगन यांनी पाहिलं की शेवटच्या दिवशी ७-७ वर (सात जिंकलेल्या, सात हरलेल्या) असलेला मल्ल ८-६ वाल्याशी लढतो तेव्हा एरवीच्या हिशोबाने त्याने निम्म्याच्या आसपास जिंकायला हवं, पण तो जवळपास ८० टक्के वेळा जिंकतो. पुढच्या भेटीत तेच दोघं भिडले की पारडं उलटं फिरतं. म्हणजे उसनवारी चुकती होते.

हे छापून आलं २००२ मध्ये. मी २०११ मध्ये ओसाकाला होतो. त्या वर्षी पोलिसांना मल्लांच्या फोनवर लढती ठरवल्याचे निरोप सापडले आणि मार्चची ओसाकाची स्पर्धाच रद्द झाली. माझ्या ऑफिसातले म्हातारे सहकारी घरातलं कोणी गेल्यासारखे गप्प होते. आकड्यांनी नऊ वर्षं आधी सांगितलेलं होतं.

---

शेतशिवार

नागाचं उदाहरण कोणी देईल म्हणून वाट बघत होतो. इंग्रजांनी दिल्लीत नाग मारायला बक्षीस लावलं आणि लोकांनी नाग पाळले, ही गोष्ट जिकडेतिकडे सांगतात, पण तिला कागदोपत्री आधार सापडत नाही. १९०२ मधलं व्हिएतनाममधल्या हनोईचं उदाहरण मात्र नोंदलेलं आहे. फ्रेंचांनी उंदराच्या दर शेपटीला बक्षीस ठेवलं, आणि शहरात बिनशेपटीचे जिवंत उंदीर फिरू लागले. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीत उंदीर मारणारे कामगार अख्खा उंदीर जमा करतात. त्यांचं काम किती कष्टाचं आहे ते एकदा जवळून पाहिलं आहे.

पण मला लिहायचं आहे ते उसाबद्दल. @रानवाट यांनी बॅनर्जींचं नाव घेतलं म्हणून. त्यांनी दिलीप मुखर्जी, कैवन मुन्शी (धाग्यातलेच) आणि देबराज रे यांच्याबरोबर २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या सहकारी साखर कारखान्यांवर निबंध लिहिला. १९७१ ते १९९३ ची, जवळपास शंभर कारखान्यांची आकडेवारी. प्रश्न साधा आहे. कारखाना सभासदांचा, ऊस सभासदांचा, मग सभासदच स्वतःला उसाचा भाव कमी का देतील?

त्यांचं उत्तर असं. मोठा बागायतदार आणि दोन एकरवाला, दोघांना एकाच टनाला एकच दर मिळतो. मोठ्याला छोट्याकडून थेट काही काढून घेता येत नाही, पण कारखान्यात त्याचा शब्द चालतो. मग दर दाबायचा. त्यात त्याचंही नुकसान होतं, पण दर दाबून कारखान्यात जो पैसा शिल्लक राहतो तो कुठे वळवायचा हे त्याच्या हातात असतं. ज्या भागात जमिनीची वाटणी जास्त विषम, तिथे दर कमी आणि गाळप क्षमताही कमी, असं आकड्यांत दिसलं.

माझे वडील सभासद होते. वार्षिक सभेला जाऊन आले की चप्पल काढता काढता म्हणायचे, 'विषय मंजूर.' बाकी काही बोलायचे नाहीत. अहवालाची जाड पुस्तिका माळ्यावर जायची. आम्हाला वाटायचं, दर कमी का तर साखरेला बाजार नाही, पाऊस नाही, उसाला साखरेचा उतारा नाही. ही सगळी कारणं खरीच असतात. पण दोन तालुक्यांत पाऊस तोच, उसाची जात तीच, दर वेगळा, याचं कारण सातबाऱ्यात असू शकतं हे मला पन्नाशी ओलांडल्यावर कळलं. प्रवरानगरला १९५० मध्ये पहिला सहकारी कारखाना उभा राहिला तेव्हा धनंजयराव गाडगीळांसारखा अर्थशास्त्रज्ञ शेतकऱ्यांबरोबर बसलेला होता. त्यांनी हा निबंध वाचला असता तर काय म्हणाले असते, असं सारखं वाटतं.

---

नदीकाठ

@शेतशिवार, हा निबंध मला माहीत नव्हता. आजच वाचायला घेतो. नागाची गोष्ट मी स्वतः भाषणात सांगितलेली आहे, यापुढे हनोई सांगेन.

@आकडेमोड, ऑस्टरचीच आणखी एक आठवण. रॉबर्ट जेन्सनबरोबर तिने भारतातल्या १८० गावांत केबल टीव्ही आल्यावर काय बदललं ते पाहिलं, त्यात गोव्यातली गावंही होती. केबल आल्यावर बायकांनी मारहाण चालवून घेण्याचं प्रमाण कमी सांगितलं, मुलगाच हवा हा आग्रहही कमी सांगितला. लेव्हिट-डबनर यांच्या पुढच्या पुस्तकात, 'सुपरफ्रीकॉनॉमिक्स'मध्ये, ते आलं आहे. इथे मला तुमचं मत हवं आहे. बायका खरंच बदलल्या, की पाहणीवाल्याला काय सांगायचं तेवढं टीव्हीवरून शिकल्या?

---

आकडेमोड

सांगितलेलं आणि वागलेलं यातला फरक पाहणीने पूर्ण पुसता येत नाही. पण त्यांनी मुलांची शाळेतली पटनोंदणीही पाहिली होती, म्हणून मी तो निष्कर्ष अर्ध्याहून जास्त मानतो. जेन्सनचंच केरळच्या मच्छीमारांवरचं काम मात्र मी निःशंक मानतो. उत्तर केरळात १९९७ ते २००१ या काळात टप्प्याटप्प्याने मोबाइल आले. आधी एका बंदरावर गिऱ्हाईक नाही म्हणून तारली फेकून द्यायचे, आणि तेव्हाच पंधरा किलोमीटरच्या आत गिऱ्हाइकं रिकाम्या हाती परतत असायची. फोन आल्यावर होडीतूनच भाव विचारू लागले. फेकणं जवळपास थांबलं, मच्छीमाराचा नफा ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यालाही मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली. जिथे मोबाइलचा मनोरा जेव्हा उभा राहिला तिथे तेव्हाच भाव बदलला, म्हणून कारणाबद्दल शंका राहत नाही.

दादरच्या निबंधाबद्दल मात्र एक विचारतो. मुलगे मराठी शाळेत राहिले याला ओळखीचं जाळं हे कारण, की आईवडिलांना म्हातारपणी मुलगा जवळ हवा म्हणून?

---

भोईवाडाकर

पहिल्यांदाच इथे लिहिते आहे. पाच वर्षं फक्त वाचत होते.

दादरचा परिच्छेद वाचून हात थरथरले. मी १९९२ मध्ये पहिलीत गेले, इंग्रजी शाळेत. भाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा, तो मराठी शाळेत. बाबा गिरणीत होते. ८२ च्या संपानंतर गिरणी त्यांच्यासाठी कधी उघडलीच नाही, मग रखवालदारी केली. माझ्या फीसाठी आईने खानावळीच्या पोळ्या लाटल्या. आजवर मला वाटायचं की मी हुशार होते म्हणून मला तिकडे घातलं. नातेवाईकही असंच सांगायचे, आणि भावासमोर सांगायचे.

@आकडेमोड यांचा प्रश्न वाचून काल रात्री भावाला फोन केला. त्याला निबंधाबद्दल काही सांगितलं नाही. फक्त विचारलं, तुला इंग्रजी शाळेत का नाही घातलं?

तो म्हणाला, बाबा घालणार होते. फॉर्मही आणला होता. गोदीत काका होते, त्यांनी बाबांना सांगितलं, 'पोरगा इंग्रजीत गेला तर उद्या त्याच्यासाठी शब्द कुठे टाकू? तो आपल्यातला राहणार नाही. आणि आपली पोरं अशी एकेक निघून गेली तर मागच्यांना आत कोण घेणार?' बाबांनी फॉर्म परत केला. चार वर्षांनी माझ्या वेळी काकांना कोणी विचारलं नाही, कारण मुलीला गोदीत लावायचंच नव्हतं.

भाऊ लागला गोदीत, पण कंत्राटावर. कायम झाला नाही.

---

नदीकाठ

ताई, काकांनी दोन वाक्यांत अख्खा निबंध सांगितला आहे. 'मागच्यांना आत कोण घेणार' हेच त्यात गणिताने मांडलेलं आहे. @आकडेमोड यांच्या प्रश्नालाही यात उत्तर आहे असं मला वाटतं, निदान एका घरापुरतं.

तुमच्या भावाची हरकत नसेल तर याचा वेगळा धागा काढाल का? गिरणगावातली आणखी मंडळी इथे वाचत असतील. त्यांच्या घरी तो फॉर्म कोणी आणला, कोणी परत केला, हे त्यांनीही लिहावं.

---

भोईवाडाकर

विचारते त्याला. रविवारी जेवायला येणार आहे.